पूर आणि दरडींच्या काळात लष्करासोबत माहितीची देवाणघेवाण कशी करावी

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी कोल्हापूर-सांगलीत शिरले, तेव्हा महसूल, पोलीस, जिल्हा परिषद, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल म्हणजे एनडीआरएफ, भूदल, नौदल, तटरक्षक दल आणि गावोगावची तरुण मंडळे एकाच पाण्यात काम करत होती. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्यामुळे बाहेरून येणारी मदतही अडली होती. अशा वेळी होड्या आणि माणसे अपुरी पडणारच. पण जेवढी आहेत तेवढी योग्य गावाला वेळेत पोहोचतात की नाही, हे माहितीवर ठरते. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे हे तलाठ्याला ठाऊक असते, धरणातून किती पाणी सुटणार हे पाटबंधारे विभागाच्या अभियंत्याला ठाऊक असते, आणि त्या प्रवाहात आपली बोट कुठवर जाऊ शकते हे लष्करी तुकडीच्या प्रमुखाला ठाऊक असते. या तिघांचे ज्ञान एका ठिकाणी आले नाही, तर तिघेही प्रामाणिकपणे राबत असताना माणसे छपरावर अडकून राहतात.

जिल्हा आणि तालुका नियंत्रण कक्षात काम करणाऱ्या अधिकारी-कर्मचाऱ्यांनी, आणि त्यांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांनी, लष्करी दलांना माहिती कशी द्यावी व त्यांच्याकडून कशी घ्यावी, याचे हे विवेचन आहे. उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत, कारण इथल्या नद्या, इथली गावे आणि इथली शासनव्यवस्था गृहीत धरूनच या गोष्टी नेमक्या सांगता येतात.

आधी अधिकाराची रेषा स्पष्ट करावी

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि बचावकार्याची जबाबदारी नागरी प्रशासनाकडेच राहते. भूदल, नौदल, हवाई दल आणि तटरक्षक दल प्रशासनाच्या मदतीला येतात. ते प्रशासनाची जागा घेत नाहीत. एनडीआरएफच्या जवानांचा गणवेश पाहून अनेक जण त्यांनाही लष्कर समजतात, परंतु ते दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तटरक्षक दल मात्र संरक्षण मंत्रालयाकडे आहे. हा फरक केवळ कागदावरचा नाही, कारण मदतीची मागणी कोणत्या वाटेने जाते आणि उत्तर कोणाकडून येते हे त्यावर अवलंबून असते.

लष्करी तुकडी जिल्ह्यात आली तरी ती आपल्याच वरिष्ठांच्या हुकुमाखाली राहते. कोणते काम आधी करायचे हे जिल्हाधिकारी ठरवतात. ते काम किती जवानांनी, कोणत्या साधनाने आणि कोणत्या पद्धतीने करायचे हे तुकडीचा प्रमुख ठरवतो. ही विभागणी दोन्ही बाजूंनी मनापासून पाळली, तर माहिती आपोआप मोकळेपणाने वाहू लागते, कारण मग कोणालाही आपल्या अधिकारावर आक्रमण होण्याची भीती उरत नाही.

दळणवळण पूर्ण तुटलेले असेल आणि जीव धोक्यात असतील, तर जवळचा लष्करी अधिकारी औपचारिक मागणीची वाट न पाहता मदत सुरू करू शकतो व नंतर वरिष्ठांना कळवतो. कोल्हापुरात प्रादेशिक सेनेची बटालियन आहे, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र आहे, पुण्यात दक्षिण कमांडचे मुख्यालय आहे, मुंबईत नौदलाच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे. आपल्या जिल्ह्याला सर्वांत जवळचे ठाणे कोणते, तिथे रात्री फोन कोण उचलतो आणि फोन लागला नाही तर निरोप कसा जाईल, हे मे महिन्याच्या पावसाळापूर्व बैठकीतच लिहून ठेवावे. पाणी अंगणात आल्यावर ही शोधाशोध करायची वेळ येऊ नये.

मागणी कामाची करावी, संख्येची नाही

नियंत्रण कक्षातून लष्कराकडे जाणाऱ्या पत्रांत अनेकदा ‘शंभर जवान व दहा बोटी पाठवाव्यात’ अशी भाषा असते. त्यातून घेणाऱ्याला काहीच समजत नाही. शंभर जवान बंधारा बांधण्यासाठी हवेत, की तिसऱ्या मजल्यावरचे रुग्ण उतरवण्यासाठी, की वाहून गेलेल्या पुलाच्या जागी तात्पुरता पूल टाकण्यासाठी, यावर कोणती तुकडी आणि कोणते साहित्य निघेल हे ठरते. पहिल्या कामाला साधी पायदळाची तुकडी चालेल, दुसऱ्याला वैद्यकीय पथक लागेल, तिसऱ्याला अभियंता रेजिमेंटशिवाय इलाज नाही. म्हणून काम काय आहे ते लिहावे आणि साधनांचा निर्णय त्यांच्यावर सोडावा.

समजा, मिरज तालुक्यातल्या कवठे पिरान गावी मदत हवी आहे. चांगली मागणी अशी असेल: ‘मागणी क्रमांक ४७. कवठे पिरान, तालुका मिरज, जिल्हा सांगली (सोबत अक्षांश-रेखांश). शाळेच्या गच्चीवर साधारण ६० माणसे, त्यांपैकी दोन गरोदर महिला, एक डायलिसिसचा रुग्ण. ही माहिती पोलीस पाटलांनी सकाळी ०९:४० वाजता फोनवर दिली. तलाठ्याने खात्री केली आहे. रस्त्यावर कमरेच्या वर पाणी, प्रवाह वेगाचा. गावाच्या पश्चिमेला उसाचे शेत पाण्याखाली आहे, त्या बाजूने बोट आणू नये. वीजपुरवठा बंद केल्याची महावितरणने खात्री दिली आहे. पाणी दुपारपर्यंत वाढण्याचा अंदाज. सर्वांना कोरड्या जागी आणणे आवश्यक. रुग्णासाठी रुग्णवाहिका काठावर उभी राहील. गावातला संपर्क: कोतवाल.’ एवढ्या मजकुरात ‘तातडीने’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी किती तातडी आहे हे वाचणाऱ्याला कळते.

यातल्या दोन तपशिलांवर विशेष भर द्यावासा वाटतो. पहिला उसाचा. कृष्णा-पंचगंगेच्या काठी उभा ऊस पाण्याखाली गेला की वरून फक्त सपाट पाणी दिसते आणि बोटीच्या पंख्यात पाला गुंतून इंजिन बंद पडते. शेताचे तारेचे कुंपण, विहिरीचे कठडे आणि बुडालेले बंधारे हेही तसेच. दुसरा विजेचा. पाणी चढते तशी बोट तारांच्या जवळ जाते, आणि तार जिवंत आहे की मृत हे बाहेरून आलेल्या जवानाला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. या दोन्ही गोष्टी स्थानिक माणसाला न विचारताही ठाऊक असतात. म्हणून प्रत्येक बोटीत गावचा एक वाटाड्या बसवावा, आणि तो मराठीशिवाय थोडे हिंदी बोलणारा असावा, कारण तुकडीतले जवान देशाच्या कोणत्याही भागातले असू शकतात.

मागणीला क्रमांक देणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी सवय आहे. पुरात एकाच घराबद्दल दहा ठिकाणांहून फोन येतात: घरातला मुलगा पुण्याहून जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करतो, मावशी मुंबईहून मंत्रालयातल्या राज्य नियंत्रण कक्षाच्या १०७० वर करते, शेजारी व्हॉट्सअॅपवर टाकतो, स्थानिक लोकप्रतिनिधी थेट कर्नलसाहेबांना सांगतात. क्रमांक नसेल तर ती दहा घरे वाटतात. प्रत्येक मागणीच्या पुढे चारच अवस्था ठेवाव्यात: कळले, खात्री झाली, कोणाकडे सोपवले, पूर्ण झाले. चौथी अवस्था बहुतेक ठिकाणी भरलीच जात नाही, आणि मग सुटका झालेल्या घराकडे दुसरी बोट जाते. ‘पूर्ण’ हा शब्द काम करणाऱ्या तुकडीकडून परत आल्याशिवाय लिहू नये.

जागा, वेळ आणि मोजमाप एकच बोलावे

नावाने गाव सांगणे आपल्याला पुरेसे वाटते, कारण आपण त्या मुलखात वाढलेले असतो. पण कोल्हापूर जिल्ह्यात शिरोली पुलाची आहे आणि शिरोली दुमालाही आहे. सांगलीत कवठे पिरान, कवठे एकंद आणि कवठे महांकाळ अशी तीन कवठे आहेत. वाळवा हे तालुक्याचेही नाव आहे आणि त्यातल्या एका गावाचेही. रेडिओवर अर्धे नाव ऐकू आले तर बोट चुकीच्या गावी जाते. म्हणून गाव, तालुका, जिल्हा आणि अक्षांश-रेखांश या चारही गोष्टी प्रत्येक वेळी सांगाव्यात, आणि शक्य तिथे केंद्र सरकारने प्रत्येक गावाला दिलेला संकेतांकही जोडावा.

अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीने लिहायचे हे आधी ठरवले नाही, तर ते नसल्यापेक्षा वाईट ठरतात. कोल्हापूर शहराचा अक्षांश साधारण १६ अंश ४२ मिनिटे आहे. दशांशात तो १६.७० होतो. कोणी ‘सोळा बेचाळीस’ असे तोंडी सांगितले आणि ऐकणाऱ्याने १६.४२ असे लिहिले, तर जागा सुमारे ३१ किलोमीटर दक्षिणेला सरकते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नागरी नकाशे आणि संरक्षण दलांसाठीचे नकाशे या दोन वेगळ्या मालिका आहेत, आणि लष्कर नकाशावरच्या चौकटींचे क्रमांक वापरून जागा सांगते. पहिल्याच बैठकीत एखादी सर्वांना माहीत असलेली जागा, उदाहरणार्थ जिल्हाधिकारी कार्यालयाचे प्रवेशद्वार, दोन्ही बाजूंनी आपापल्या नकाशावर दाखवावी आणि आकडे जुळतात का ते पाहावे. याला पाच मिनिटे लागतात.

वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहावी. उपग्रहाच्या छायाचित्रांवर आणि विमानोड्डाणाच्या कागदांवर बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते, जी आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे आहे. पाणी चढत असताना साडेपाच तासांचा गोंधळ जीवघेणा ठरू शकतो. तसेच प्रत्येक माहितीला दोन वेळा असतात, पाहिल्याची आणि कळवल्याची, आणि त्या दोन्ही लिहाव्यात. सकाळी सहाला पाहिलेला पूल दुपारी दोनच्या अहवालात ‘चालू’ म्हणून आला, तर ट्रक त्यावर निघतील.

पाण्याच्या मोजमापाकडे बहुतेक मार्गदर्शिका धावती नजर टाकतात. माझ्या मते इथेच अधिक वेळ द्यायला हवा. कोल्हापूरकराला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी तोंडपाठ असते. त्या आकड्यावरून कोणता रस्ता बंद झाला असेल हे तो घरबसल्या सांगतो. बाहेरून आलेल्या मेजरला मात्र ४३ हा नुसता आकडा आहे. केंद्रीय जल आयोग समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये देतो, धरणाचा साठा टीएमसीमध्ये (अब्ज घनफूट) सांगितला जातो, विसर्ग म्हणजे सुटणारे पाणी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि काही कागदांत क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) असते, आणि एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. हे सगळे आकडे जसेच्या तसे पुढे ढकलणे म्हणजे माहिती देणे नव्हे. लष्कराला हवे असते ते इतकेच: पुढच्या सहा आणि बारा तासांत कोणत्या गावात पाणी किती चढेल, कोणते रस्ते जातील आणि प्रवाह किती वेगाचा असेल. म्हणून पाटबंधारे विभागाचा एक अभियंता नियंत्रण कक्षात बसलाच पाहिजे, जो कोयना, वारणा आणि राधानगरी या धरणांचा विसर्ग पाहून ‘हे पाणी अमुक पुलाशी अमुक वेळी पोहोचेल’ असे वाक्य तयार करेल. कृष्णेच्या बाबतीत खालच्या अंगाच्या अलमट्टी धरणाची स्थिती कर्नाटकाकडून कळते, तीही याच माणसाने रोज ठरलेल्या वेळी घ्यावी.

कोकणात हिशेब निराळा आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे आणि महाडमध्ये सावित्रीचे पाणी काही तासांत शहरात शिरले, वीज आणि मोबाइल दोन्ही गेले, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. तिथे बारा तासांचा अंदाज देण्याइतका अवधी नसतो. भरती-ओहोटीच्या वेळा, घाटातल्या रस्त्यांची स्थिती आणि उपग्रह फोन कोणाकडे आहे याची यादी हीच मोलाची माहिती ठरते. आणि पहिली खबर कुठून येईल हे सांगता येत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेल्याचे एका एसटी चालकाच्या लक्षात आले आणि त्याने ते कळवले. म्हणून एसटी आगार, दूध संघांच्या गाड्या, आशा सेविका आणि वीज कर्मचारी यांच्याकडून येणाऱ्या खबरीसाठी नियंत्रण कक्षात एक वाट मोकळी असावी, आणि अशी खबर आली की खात्री होईपर्यंत न थांबता ‘खात्री बाकी’ असे लिहून ती लष्करालाही द्यावी.

एकाच खोलीत बसावे

दोन्हीकडच्या संदेशयंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नसतात. पोलिसांचा बिनतारी संच लष्कराच्या संचाशी बोलत नाही, आणि लष्कराचे जाळे सुरक्षेच्या कारणाने नागरी यंत्रणेला खुले करता येत नाही. यावर महागडा तांत्रिक उपाय शोधण्यापेक्षा माणूस पाठवावा. लष्कराचा एक संपर्क अधिकारी आपल्या संचासह जिल्हा नियंत्रण कक्षात बसावा, आणि महसूल विभागाचा एक नायब तहसीलदार तुकडीच्या तळावर. हे दोघे निर्णय घेण्याइतके वरिष्ठ आणि फोन उचलण्याइतके मोकळे असावेत. ज्याला दर प्रश्नासाठी वरिष्ठांना विचारावे लागते असा माणूस तिथे बसवून उपयोग नाही. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी छोटी बैठक घ्यावी, आणि ती मागण्यांच्या यादीवरच घ्यावी: कोणती राहिली, का राहिली, आता कोण करेल.

हेलिकॉप्टर येणार असेल तर हवाई कामासाठी एकच अधिकारी नेमलेला असावा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या घटना प्रतिसाद प्रणालीतही (आपत्तीत कोणी कोणते काम पाहायचे हे ठरवून देणारी व्यवस्था) अशा अधिकाऱ्याची तरतूद आहे. उतरण्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश, भोवतालच्या तारा, मोबाइल मनोरे, उंच झाडे, जमीन भक्कम आहे की चिखल, आणि उडून पंख्यात जाऊ शकतील असे पत्रे, ताडपत्री किंवा मंडपाचे कापड जवळ आहे का, हे त्याने आधी कळवावे. वैमानिकाला या गोष्टी वरून दिसतीलच असे गृहीत धरू नये.

व्हॉट्सअॅपचा गट सोयीचा आहे, पण त्याला नोंदवही समजू नये. फोटो साध्या पद्धतीने पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची मूळ नोंद निघून जाते, आणि पुढे पाठवलेला संदेश कालचा की गेल्या वर्षीचा हे कळत नाही. गटावर आलेली प्रत्येक कामाची बाब यादीत क्रमांक घेऊनच पुढे जावी.

लष्कराकडून माहिती घेताना

देवाणघेवाणीत आपण देण्याचाच विचार अधिक करतो. परतणारी प्रत्येक बोट मात्र काहीतरी पाहून आलेली असते: कोणत्या वस्तीत अजून दिवा दिसला, कुठे लोकांनी घर सोडायला नकार दिला, कुठे जनावरे बांधलेलीच राहिली, कोणता पूल हलतो आहे. बोट काठाला लागली की तिथल्या महसूल कर्मचाऱ्याने चार-पाच प्रश्न विचारून ते लिहून घ्यावे. थकलेल्या जवानांकडून रात्री लेखी अहवालाची अपेक्षा ठेवणे त्यांच्यावर अन्याय आहे.

हवाई पाहणीची मूळ छायाचित्रे देण्यावर लष्कराला मर्यादा असू शकतात. तेव्हा छायाचित्रासाठी अडून न बसता निष्कर्ष मागावा: कोणती गावे पूर्ण वेढली आहेत, कोणते रस्ते दिसतात, कुठे माणसे छपरावर आहेत. प्रशासनाला निर्णयासाठी तेवढेच लागते. पुराच्या फैलावाचे नकाशे हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून मिळू शकतात. रडार उपग्रह ढगांतूनही पाणी टिपत असल्यामुळे पावसाळ्यात त्यांचे मोल मोठे आहे. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्रही राज्याच्या पातळीवर असे काम करते. हे नकाशे आले की त्यांची प्रत त्याच क्षणी लष्करी संपर्क अधिकाऱ्याला द्यावी.

सुटका झालेल्यांची मोजणी हा नाजूक विषय आहे. एकच कुटुंब आधी गावच्या नावेतून, मग लष्कराच्या बोटीतून, मग एसटीतून निवारा केंद्रात पोहोचते आणि तीन अहवालांत तीनदा मोजले जाते. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हाही प्रवाशांच्या संख्येचे वेगवेगळे आकडे सुरुवातीला फिरत होते. आकडा फुगल्याने केवळ बातमी चुकते असे नाही; बेपत्ता कोण आहे हेच कळेनासे होते. म्हणून मोजणी बोटीत न करता काठावर करावी. तिथे महसूल विभागाची एकच नोंदवही असावी, तीत नाव, गाव आणि कुठे पाठवले हे लिहावे, आणि सर्व दलांनी तोच आकडा वापरावा. गावातल्या खासगी नावाही याच व्यवस्थेत आणाव्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे बचावाची नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. कोणत्या गावात कोणती नाव कोणत्या मार्गाने ये-जा करते आहे हे नियंत्रण कक्षाला आणि लष्कराला दोघांनाही ठाऊक असेल, तर निदान जवळची बोट तिच्यावर लक्ष ठेवू शकते.

काय जपावे

लष्करी तळाची जागा, जवानांची संख्या आणि त्यांच्या संदेशयंत्रणेचे तपशील गटांवर किंवा माध्यमांना देऊ नयेत. दुसऱ्या बाजूने, रुग्णांची नावे, आजार आणि फोन क्रमांक लष्कराला देताना ते कामापुरतेच द्यावेत. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात आपत्तीच्या वेळी मदत पोहोचवण्यासाठी व्यक्तीची संमती न घेता माहिती वापरण्याची मुभा आहे, पण ती त्या कामापुरतीच आहे. गरोदर महिलांची यादी बोटीच्या प्रमुखाकडे जावी. ती तीनशे जणांच्या गटावर पडणे योग्य नाही. माध्यमांशी बोलण्याचे काम एकाच ठिकाणाहून, जिल्हा माहिती अधिकाऱ्यांमार्फत व्हावे, आणि लष्कराच्या कामाचा उल्लेख करण्यापूर्वी संपर्क अधिकाऱ्याला विचारावे.

तुकडी परत जाताना

पाणी ओसरू लागले की लष्कराला मोकळे करणे हाही प्रशासनाचाच निर्णय आहे आणि तो लेखी असावा. तुकडी निघण्यापूर्वी तिच्याकडे सोपवलेल्या ज्या मागण्या ‘पूर्ण’ झालेल्या नाहीत, त्या प्रत्येकीसमोर आता कोणाची जबाबदारी हे लिहावे: औषधे आरोग्य विभागाकडे, तुटलेला रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, पाण्याची व्यवस्था जिल्हा परिषदेकडे. तुकडीने वापरलेले मार्ग, बोटी लावण्याच्या सोयीच्या जागा, पाण्याखालचे अडथळे आणि ज्या ठिकाणी नकाशा व प्रत्यक्ष जमीन जुळली नाही अशा जागा यांची नोंद तुकडीच्या प्रमुखाबरोबर बसून, तो जिल्ह्यात असतानाच, गावनिहाय तयार करावी. तिची एक प्रत तहसील कार्यालयात, एक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याकडे आणि एक जवळच्या लष्करी ठाण्यात ठेवावी, आणि पुढच्या मे महिन्याच्या बैठकीत वाचनाला पहिली तीच घ्यावी.